कड खांद्याशी

रायपूरच्या पुरानी बस्तीत मारोती रामटेकेला न ओळखणारा माणूस म्हणजे कालच सामान उतरवलेला भाडेकरू. निम्म्या मोहल्ल्याला त्याने गाडी शिकवली होती, आणि उरलेल्या निम्म्याला, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, गाडीखाली येण्यापासून वाचवलं होतं. बाप गोंदियाकडून रेल्वेच्या नोकरीवर इथे आला आणि इथलाच झाला. मुलगा रुळांवर न जाता रस्त्यावर आला आणि त्याने ‘चेतना मोटर ड्रायव्हिंग स्कूल’ काढलं. स्कूल म्हणजे काय, तर एक पांढरी छोटी गाडी, तिच्या काचेवर लाल ‘एल’ अक्षर, आणि डाव्या सीटखाली मारोतीच्या पायाशी बसवलेला दुसरा ब्रेक. शिकणारा उजवीकडे स्टिअरिंगला, उस्ताद डावीकडे ब्रेकवर. आयुष्यभर तो त्या डाव्या सीटवरच बसला.

शिकवण्याची त्याची तऱ्हा निराळी होती. नवशिका माणूस बॉनेटकडे बघत बसतो आणि गाडी दारुड्यासारखी झोकांड्या खाते. मारोती म्हणायचा, बॉनेट राहू दे, आपला खांदा सांभाळ. रस्त्याची मधली लाइन नेहमी उजव्या खांद्याशी ठेव, मग गाडी आपोआप जिथे पाहिजे तिथेच राहते. ‘मधली लाइन खांद्याशी’ हा त्याचा एकच नियम. तो त्याने डॉक्टरांना शिकवला, बँकवाल्यांना शिकवला, ब्राह्मणपाऱ्यातल्या पन्नाशीच्या बायकांना शिकवला, आणि ते सगळे आजही धड घरी येतात. त्याचा स्वभाव तापट होता, तोंडही गोड नव्हतं. पण त्याच्याकडे शिकलेल्याला मार लागला असं कधी कोणी ऐकलं नव्हतं, आणि मारोतीला याचा गर्व होता. असायलाच हवा होता. गरिबाकडे मिरवायला दुसरं असतं काय?

चेतना त्याची एकुलती एक. स्कूलच्या बोर्डावर नाव तिचं, आणि स्कूलची सगळ्यात चांगली विद्यार्थिनीही तीच. अठरा पूर्ण होताच तिने लायसन्स काढलं आणि बापाला आजारपणात दवाखान्यात नेलं तेसुद्धा स्वतः गाडी चालवत. मारोती तापात मागे पडून होता, पण एक डोळा मधल्या लाइनीवर होता. उतरताना भीमाबाईला, म्हणजे बायकोला, म्हणाला, “एकदा भी हलली नाही गाडी. पाहिलं का?” भीमाबाई म्हणाली, “मी तुमच्याकडे पाहून राहिली होती. गाडी कोण पाह्यते?”

मग चेतनाचं लग्न झालं. मुलगा भिलाईचा, यशदीप नाव, कॉम्प्युटरवाला, शांत. लग्नानंतर कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवलं, तेही न्यूयॉर्क-बिऊयॉर्क नाही, ओहायोतल्या एका गावात. व्हिसाचं होईपर्यंत चेतना माहेरी राहिली. यशदीपने फोनवर सांगितलं की इथे गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही, आणि गाड्या सगळ्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात.

हे ऐकलं आणि मारोतीचा घास तोंडातच राहिला. उजव्या बाजूने! ज्या गोष्टीसाठी त्याने जन्मभर लोकांना शिव्या घातल्या, तीच गोष्ट आता पोरीने रोज करायची. यशदीप म्हणाला, “बाबा, टेन्शन मत लो. यहाँ भी सिखाते हैं, मैं क्लास लगा दूँगा.” हे सांगायला नको होतं. मारोतीच्या नाकाला मिरची झोंबली. “माझी पोट्टी दुसऱ्याकडे शिकन? मंग मी काय इथं भजे तळून राहिलो?” असं म्हणून त्याने फोन भीमाबाईच्या हातात दिला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच चेतनाला उठवलं.

जागा त्याच्या मनात होतीच. नवं राज्य झालं, मग नवी राजधानीही हवी म्हणून शहराबाहेर शेतांमधून मोठमोठे रस्ते काढले होते. रस्ते आले, दिवे आले, चौकात गवत लावून झालं, फक्त माणसं यायची राहिली होती. नया रायपूरच्या त्या सेक्टरांमध्ये सकाळी एखादी म्हैस आणि एखादा चौकीदार सोडला तर कोणी दिसायचं नाही. मारोतीला नेहमी वाटायचं, सरकारने हे सगळं आपल्या स्कूलसाठीच केलं असावं. त्या रिकाम्या रस्त्यांवर त्याने पोरीला उलट्या बाजूने गाडी चालवायला शिकवायचं ठरवलं.

गाडी तीच, स्टिअरिंग उजवीकडेच, आणि चेतना रस्त्याच्या उजव्या बाजूने चाललेली. पहिल्या दिवशी एका नव्या, रिकाम्या इमारतीचा चौकीदार शिटी वाजवत रस्त्यावर आला. “ओ भैया! राँग साइड!” मारोतीने खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं आणि ओरडला, “बेटी अमेरिका जा रही है!” चौकीदाराने क्षणभर विचार केला आणि मग त्याने चक्क सलाम ठोकला. बापलेक इतके हसले की गाडी बंद पडली. पुढे रोज तो चौकीदार सलाम करायचा.

अडचण जुन्या सवयीची होती. चेतनाच्या अंगात मधली लाइन इतकी मुरली होती की जरा लक्ष हललं की गाडी लाइन शोधत डावीकडे सरकायची. मारोती चिडायचा. शेवटी त्याने नियमच बदलला. “हे पाय चेतना. तिकडे सगळं उलटं. मंग आपला नियम भी उलटा. मधली लाइन विसर. आता रस्त्याची कड खांद्याशी. काय?”

“कड खांद्याशी,” चेतना म्हणाली. मग जरा थांबून, “पर बाबा, उधर स्टिअरिंग तो लेफ्ट में रहेगा ना?”

“स्टिअरिंगचं काय घेऊन बसली? दोन दिवसात हात बसते. डोक्यात साइड बसली पाह्यजे, साइड!”

“हव बाबा,” ती म्हणाली आणि तिने गाडी काढली.

तिने विचारलं होतं, हे इथे लिहून ठेवतो. पोरीने विचारलं होतं आणि उस्तादाने उडवून लावलं होतं.

महिनाभर हे चाललं. मारोतीने घोटून घोटून घेतलं. वळण आलं की कड खांद्याशी, रस्ता मोकळा दिसला की कड खांद्याशी, गप्पा मारताना मध्येच विचारायचा, खांद्याशी काय? होता होता चेतनाचा हात जुनं विसरला. अर्धवट झोपेतसुद्धा गाडी कडेला चिकटून चालायला लागली, तेव्हा मारोतीने ब्रेकवरचा पाय काढून मांडी घातली. एवढा मोठा मान त्याने आजवर कोणाला दिला नव्हता. विमानतळावर निरोप घेताना भीमाबाई रडत होती, आणि चेतना बापाच्या पाया पडून वर येताना कानाशी म्हणाली, “कड खांद्याशी.” मारोती हसला आणि मग त्यालाही रडू फुटलं.

तिकडे गेल्यावर ती परीक्षा पहिल्या खेपेला पास झाली. मारोतीने मोहल्ल्यात जलेबी वाटली. अमेरिकेच्या साहेबाने रामटेकेच्या पोरीला पास केलं, म्हणजे पर्यायाने रामटेकेलाच पास केलं, असा त्याचा हिशोब. दर रविवारी संध्याकाळी फोन व्हायचा. तिकडे तेव्हा सकाळ असायची. भीमाबाई काय खाल्लं ते विचारायची, आणि फोन आपल्या हातात आला की मारोती पहिलं वाक्य एकच बोलायचा, “कड खांद्याशी ना?” चेतना म्हणायची, “हव बाबा.” मग बाकीचं बोलणं.

दुसऱ्या वर्षीच्या एका रविवारी असंच बोलणं झालं आणि त्याच रात्री यशदीपचा फोन आला. चेतना गेली. दुकानाच्या आवारातून गाडी बाहेर काढून ती मोकळ्या रस्त्याला लागली होती, आणि चढावापलीकडून ट्रक आला.

यशदीप अस्थी घेऊन आला तेव्हा अंगणात सगळा मोहल्ला जमला होता. मारोती भिंतीला टेकून बसला होता. कोणीतरी विचारलं, ट्रकवाल्याला पकडलं का? यशदीप खाली मान घालून म्हणाला, “ट्रकवाले की गलती नहीं थी. पुलिस बोली, चेतना राँग साइड में थी.”

मारोती ताडकन उठला. इतके दिवस न रडलेला माणूस, त्याचं सगळं दुःख त्या एका वाक्यावर तुटून पडलं. “राँग साइड? मारोती रामटेकेची पोट्टी राँग साइड? अरे, मेलेल्या पोरीवर आळ घेऊन राहिला तू? पोलिसानं सांगितलं अन् तू मान डोलावून आला? मी शिकवलं तशीच चालवली असन तिनं! मी शिकवलं तशीच!” लोकांनी धरलं म्हणून, नाही तर जावयावर हात उठला असता. “पुन्हा तोंड दाखवू नको मले,” असं सांगून त्याने यशदीपला बाहेर काढलं. यशदीपने एकदाच सासऱ्याकडे बघितलं, काहीतरी बोलण्यासाठी ओठ उघडले, आणि मग हात जोडून निघून गेला. गल्लीतल्या लोकांना ते पटलं. ज्याच्या अंगात खोट नसते तो काहीतरी उत्तर देतो, असं म्हणाले. लोकांना काय, जीभ उचलली आणि टाळ्याला लावली.

त्यानंतर मारोती जगत होता तो त्या एका गोष्टीच्या आधाराने. पोरगी गेली, पण तिची चूक नव्हती. स्कूल त्याने बंद केलं नाही. नवीन माणसाला मधली लाइन खांद्याशी शिकवताना तो मध्येच गप्प व्हायचा, आणि मग ज्याने त्याने आपली नजर दुसरीकडे वळवायची. कधी म्हणायचा, “त्या गाडीत माझा ब्रेक नव्हता ना.” भीमाबाई बायकांमध्ये सांगायची की तिच्या बाबांनी महिनाभर शिकवलं होतं तिले, ती कशाची चुकते! आणि शेवटचं बोलणं आपल्याशीच झालं, शेवटचा शब्द ‘हव बाबा’ होता, हे मारोती येईल त्याला सांगायचा. यशदीपचं नाव घरात निघत नव्हतं. भीमाबाई त्याला चोरून फोन करायची, ते मारोतीला ठाऊक होतं आणि तो ठाऊक नसल्याचं दाखवायचा.

वर्ष उलटून गेल्यावर तुळशीराम घरी आला. हा मारोतीचा जुना शागीर्द, आता सिलतऱ्याच्या एका कारखान्यात अवजड गाड्या चालवणारा. मालकाने बाहेरदेशातली जुनी क्रेन आणली होती आणि तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं. “उस्ताद, मले लय अजीब वाटून राहिलं त्याच्यात. एकदा तुम्ही बसून पाहा, मंग मले सांगा.” मारोतीला कुठे जावंसं वाटत नव्हतं, पण भीमाबाईने ढकललं, तेवढाच माणूस उन्हात-वाऱ्यात जाईल म्हणून.

सिलतऱ्यात कारखान्यांच्या धुराने झाडांची पानंसुद्धा काळी. कारखान्याच्या आवारातला रस्ता लांब, सरळ आणि तेव्हा रिकामा होता. मधोमध पांढरी लाइन मारलेली. मारोती क्रेनच्या केबिनमध्ये डाव्या सीटवर चढून बसला. डावी सीट त्याच्या सवयीचीच, फक्त आज समोर स्टिअरिंग होतं. शेजारी तुळशीराम बसला. क्रेन हळूहळू निघाली, आपल्या डाव्या बाजूने, जशी इथे चालायला पाहिजे तशी.

“बराबर चालून राहिली,” तुळशीराम म्हणाला. “तुम्हाले काही जडच नाही जात, उस्ताद.”

खरंच जड जात नव्हतं. मारोतीने डावीकडे बघितलं. रस्त्याची कड त्याच्या खांद्याशी होती.

त्याने पुन्हा बघितलं. सीट डावीकडे, खांद्याशी कड, आणि गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूला. पोरगी तिकडे अशाच सीटवर बसत होती. बापाचं ऐकून तिने कड खांद्याशी घेतली, तर ती येणार कुठे? डाव्या बाजूला. ज्या देशात सगळे उजवीकडून चालतात तिथे डाव्या बाजूला, समोरून येणाऱ्या ट्रकच्या पुढ्यात.

 मारोतीने खात्री करून घेतली. मधली लाइन खांद्याशी आणली, आपला जुना, जन्मभराचा नियम, आणि क्रेन सरकत सरकत रस्त्याच्या उजव्या बाजूला आली. अमेरिकेच्या बाजूला. बरोब्बर.

नियम उलटा करायची गरजच नव्हती. रस्त्याची बाजू बदलली तशी सीटही बदलली होती, आणि त्याचा नियम दोन्हीकडे जसाच्या तसा खरा होता. चेतनाला तो अठराव्या वर्षापासून येत होता. बाप काही न बोलता घरी बसला असता तर तिने तिकडे जाऊन गाडी धड चालवली असती. महिनाभर पहाटे उठवून, घोटून घोटून, त्याने तिच्या हातातलं बरोबर पुसून टाकलं होतं. नया रायपूरच्या रस्त्यावर तो स्वतः डाव्या सीटवर होता, मधली लाइन त्याच्याच खिडकीखालून रोज वाहत होती. तिची तिकडची सीट ती हीच. एकदा जरी आपल्या खिडकीतून खाली बघितलं असतं!

“उस्ताद, आपुन राँग साइड आलो,” तुळशीराम घाबरून म्हणाला. मारोतीने क्रेन थांबवली. मग स्टिअरिंगवर डोकं टेकून तो असा रडला की तुळशीरामला काय करावं कळेना. तो आपला पाठीवरून हात फिरवत राहिला.

घरी आल्यावर मारोतीने भीमाबाईला समोर बसवून सगळं सांगितलं. दोन वाट्या रस्त्याच्या कडा म्हणून ठेवून, त्यांच्यामध्ये काड्यापेटीची गाडी सरकवून दाखवलं, एकदा इकडची बाजू, एकदा तिकडची. तिला कळलं.  मारोतीला वाटलं होतं ती ओरडेल, छाती पिटेल. तिने पदराने तोंड पुसलं, आपला फोन काढला आणि यशदीपचा नंबर लावून नवऱ्याच्या हातात दिला. “जवायाले सांगा. त्यालेच पयले सांगा. त्याले घरातून काढलं आपण.”

तिकडे सकाळ होती. पलीकडून यशदीपचा आवाज आला, “हाँ माँजी, बोलो.”

“मी आहो,” मारोती म्हणाला. “मारोती.”

 ठरवून ठेवलेली वाक्यं मारोती सगळी विसरला. “पोलीस खरं सांगत होता, यशदीप. ती राँग साइडलेच होती. मी शिकवलं तशीच चालवली तिनं. मी शिकवलं तशीच.” हेच वाक्य त्याने भर अंगणात ओरडून सांगितलं होतं. “कड खांद्याशी म्हणून मीच सांगितलं होतं. मीच…”

“मुझे पता है, बाबा.”

“काय?”

“मुझे पता था.” यशदीप अडखळत, थांबत बोलत होता. आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती रिकाम्या रस्त्यावर अशीच डावीकडे गेली होती. त्याने स्टिअरिंग धरून गाडी वळवली. मग दोघांनी कागदावर काढून बघितलं, तेव्हा कुठे चूक कुठली ते कळलं. ती आधी खूप हसली, आणि मग तिने त्याच्याकडून वचन घेतलं. “बोली, बाबा को कभी मत बताना. वो सो नहीं पाएँगे. फिर उसने अपने से सब ठीक किया, बाबा. पास भी हुई. बहुत अच्छा चलाती थी. कभी सड़क एकदम खाली हो तो हाथ पुराना पकड़ लेता था, बस.”

“अन् मी तुले लोकांपुढे…” मारोती म्हणाला. “तवा काहून नाही बोलला रे?”

“उसने मना किया था ना.”

भीमाबाई जवळ येऊन बसली होती, कान फोनला लावून. मारोतीच्या डोक्यात दर रविवारचा तो फोन फिरत होता. पोरीला खरं ठाऊक होतं, तरी दर रविवारी ती ‘हव बाबा’ म्हणत होती. आणि दर रविवारी, तिने मोठ्या कष्टाने हातातून काढलेली ती चूक तो पुन्हा तिच्या कानात घालत होता. तो शेवटचा रविवारही त्याला आठवला. विचारू नये असं वाटत होतं, तरी त्याने विचारलंच.

“यशदीप, त्या दिवशी माझा फोन ठेवल्यावर लगेच निघाली होती का ती?”

 यशदीप अगदी हलक्या आवाजात म्हणाला, “दूध खतम हो गया था, बाबा.”